पद्मिनीचा पुढचा क्रॉसमेंबर: वेल्डिंगआधीचं काम जास्त

रत्नागिरीकडे पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उरलेलं वर्ष खारा वारा खायचा. अशा हवेत उभ्या असलेल्या प्रीमियर पद्मिनीचं बॉनेट कितीही चकचकीत असो, आधी खाली वाकून पुढचा क्रॉसमेंबर बघा. दोन्ही बाजूंचे विशबोन (चाकांना धरणारे लोखंडी हात) आणि कॉइल स्प्रिंग याच आडव्या लोखंडावर जोर देऊन उभे असतात. पाणी साचतं त्या पोकळ भागात ते आतून गंजतं. बाहेरचा रंग शेवटपर्यंत काही बोलत नाही.

छोट्या हातोडीने ठोकत जा. चांगलं लोखंड टणटणतं, कुजलेलं बद्द वाजतं. विशबोनच्या बोल्टांभोवती, स्प्रिंगच्या बैठकीत आणि पत्र्याच्या सांध्यांत जास्त वेळ द्या. स्प्रिंगच्या बैठकीत स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला, तर ठिगळ लावू नका. दुसरा क्रॉसमेंबर शोधा. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३मध्ये निरोप घेतला, त्यामुळे आता भंगारवाले आणि हौशी मालक यांच्याकडेच विचारावं लागेल. नुसती चीर असेल किंवा एखादा कोपरा पातळ झाला असेल, तर दुरुस्तीला लागा.

गाडी उचलताना आपल्याकडची एक सवय मोडा: चाकाखाली, बॉडीखाली जांभ्याचा चिरा सरकवायची. जांभा दाबाखाली न सांगता फुटतो. सपाट सिमेंटवर लोखंडी स्टँड लावा. इंजिनाचं माउंट क्रॉसमेंबरवर असेल, तर इंजिनाला वरून आधार हवा. स्प्रिंग दाबलेली असते. स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरशिवाय ती सोडवायला जाऊ नका, आणि तिच्या रेषेत तोंड नको. गंजलेल्या बोल्टांना आदल्या रात्रीच तेल पाजा.

क्रॉसमेंबर खाली काढला की माप. एका बोल्टाच्या भोकापासून समोरच्या तिरक्या भोकापर्यंत, मग दुसरा तिरका, मग रुंदी. आकडे पुठ्ठ्यावर लिहा. पहिल्यांदा मी हे टाळलं होतं. वेल्डिंगचे टाके झकास बसले, पण क्रॉसमेंबर ३ मिलिमीटर ओढला गेला आणि गाडी कायम डावीकडे पळायची. तेव्हापासून मी क्रॉसमेंबर आधी जाड लोखंडी चॅनेलला त्याच्याच भोकांतून बोल्टने आवळतो, आणि पूर्ण गार होईपर्यंत सोडत नाही.

गोड्या पाण्याने मीठ धुवा, वाळवा, मग वायर ब्रश आणि ग्राइंडरने दोन्ही बाजूंचं लोखंड उघडं करा. क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर वापरू नका; वेल्डिंगच्या उष्णतेत त्याचा विषारी वायू होतो. छपराचा उरलेला जस्ती पत्राही ठिगळाला नको. जस्ताच्या धुराने रात्री ताप भरतो.

चिरेच्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे धावणार नाही. मग ग्राइंडरने चिरेत व्हीसारखी खाच करून ती भरा आणि घासून सपाट करा. वरून येणारी पट्टी मूळ पत्र्याच्याच जाडीच्या आसपासची घ्या. जाड पट्टीने गाडी मजबूत होते हा गैरसमज आहे. ती वाकत नाही, आणि नवी चीर तिच्या काठाला जाते. पट्टीची टोकं आडवी कापू नका, विड्याच्या पानासारखी निमुळती ठेवा.

खरं वेल्डिंग तासाभराचं. हात बसलेला नसेल तर ते जाणकाराकडे द्या, बाकी सगळं तुम्ही करा. मिरकरवाडा बंदरात ट्रॉलर जोडणारे कारागीर तयार हाताचे, पण त्यांची सवय जाड प्लेटची. आधी त्याच जाडीच्या तुकड्यावर टाका मारून बघायला सांगा. मिग मशीन (तार आणि गॅसवर चालणारं) असेल तर ०.८ मिलिमीटरची तार पुरते. काम सकाळी उरका. दुपारी समुद्राचा वारा सुटला की टाक्याला झाकणारा गॅस उडून जातो आणि टाका जाळीदार होतो. इंच-इंच टाका मारा, एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला. पाणी ओतून गार करू नका.

गार झाल्यावर मापं पुठ्ठ्याशी ताडून बघा. लाल डाय आणि पांढऱ्या डेव्हलपरच्या स्प्रेने केसाएवढी चीरही दिसते. प्रायमर त्याच दिवशी मारा, दमट हवेत उघडं लोखंड रात्रभर टिकत नाही. रंग वाळला की पोकळीत नळीने मेण फवारा, मात्र पाणी जायची भोकं मोकळी ठेवा. विशबोनच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच पूर्ण आवळायचे, नाहीतर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

अलाइनमेंट करून घ्या. मग लगेच आंबा घाट गाठू नका. भाट्याच्या सपाट रस्त्यावर एक फेरी मारा, ब्रेक दाबताना खालून काही ठक्क वाजतं का ऐका. शंभर किलोमीटर झाले की प्रत्येक बोल्टला पुन्हा एकदा पाना लावा.