नव्या सहायक प्राध्यापकासाठी: कॅसची फाईल पहिल्या दिवसापासून

कॅस म्हणजे करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम, प्राध्यापकांच्या पदोन्नतीची योजना. पदोन्नतीचा विचार बहुतेकजण तिसऱ्या-चौथ्या वर्षी करतात, आणि तिथेच फसतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांनुसार वेतनाच्या लेव्हल 10 वरून 11 वर जायला पीएच.डी. असेल तर 4 वर्षं, एम.फिल. असेल तर 5, दोन्ही नसतील तर 6 वर्षं सेवा लागते. शिवाय 21 दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स हवाच. त्याच्या रजेसाठी विभागप्रमुखांना आधीच सांगून ठेवा. परीक्षेच्या तोंडावर कोणी सोडत नाही.

रुजू झाल्याच्या आठवड्यात एक बॉक्स फाईल घ्या. नेमणूक आदेश, रुजू अहवाल, विद्यापीठाचं मान्यतापत्र, दर सत्राचं सही-शिक्क्याचं वेळापत्रक, समित्यांची पत्रं, सगळं त्यात. कार्यालयात दिलेल्या प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत घेऊन जा आणि तिच्यावर आवक क्रमांक, तारीख, सही घ्या. पोहोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं धरतात! समितीचं काम तोंडी सांगितलं तर नम्रपणे म्हणा, "सर, तेवढं पत्र मिळालं तर बरं होईल." पत्राशिवाय केलेल्या कामाचे पदोन्नतीसाठीचे गुण मिळवताना नाकी नऊ येतात.

शिकवण्याचं म्हणाल तर आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन. नव्या विषयाच्या एका तासाला तयारीचे दोन-तीन तास सहज जातात, म्हणून पहिल्या सत्रात दोनहून अधिक नवे पेपर शक्यतो घेऊ नका. संशोधनासाठी आठवड्यातली एक सकाळ राखून ठेवा. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, वर्षी तीही जाईल.