नाशिकमध्ये जुनी गिटार ऑनलाइन घेताय किंवा विकताय तर आधी हे वाचा

सुट्ट्या लागल्या की ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेसवर गिटारच गिटार दिसायला लागतात, कोणाला क्लास लावायचाय म्हणून हवी असते आणि कोणाची कपाटावर धूळ खात पडलीये म्हणून काढायची असते. माझं स्पष्ट मत आहे की नवशिक्याने जुनीच गिटार घ्यावी, कारण पाच-सहा हजारात नवीन म्हणून जे काही मिळतं त्यापेक्षा तेवढ्याच पैशात नीट वापरलेली यामाहा एफ ३१० किंवा तशीच एखादी कितीतरी बरी वाजते. पण पहिल्याच खरेदीत फसलेला पोरगा किंवा पोरगी परत गिटारच्या वाटेला जात नाही, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं, पैशांचं नंतर.

तर मुख्य नियम एकच. गिटार समोर आली, हातात घेतली, वाजवून बघितली, मग पैसे. मुंबईत विरार ते पनवेल करायचं म्हटलं तर माणूस कंटाळून टोकन टाकून देतो, आपल्याकडे तसं काही नाहीये, सिडकोतून पंचवटी किंवा सातपूरहून नाशिकरोड, ट्रॅफिक धरून पाऊण तास. त्यामुळे "अजून दोघं जण बघायला येतायत, पाचशे टाका म्हणजे तुमच्यासाठी ठेवतो" असं कोणी म्हणालं की सरळ सांगा, दादा मी संध्याकाळी येतो, तोवर गेली तर गेली. खरा विकणारा याच्यावर चिडत नाही.

आता आर्मीवाला प्रकार. हा देशभर चालतो पण नाशिकमध्ये जास्त खरा वाटतो, कारण देवळालीला खरंच आर्टिलरीचं मोठं ठाणं आहे, ओझरला एअरफोर्स आहे, त्यामुळे "सर मैं देवलाली कैंप में हूँ, पोस्टिंग आ गई है, गिटार अर्जेंट बेचना है" असं कोणी म्हटलं की आपल्याला शंका येत नाही. मग युनिफॉर्ममधला फोटो येतो, ओळखपत्र येतं, कॅन्टीन कार्ड येतं, आणि मग "कैंप में सिविलियन अलाउड नहीं है, आर्मी ट्रान्सपोर्ट से भेज दूंगा, आधा पेमेंट कर दो". ते ओळखपत्र दुसऱ्याच कोणाचं तरी उचललेलं असतं. खरा जवान गेटबाहेर येऊन भेटू शकतो की. भेटायला नाही म्हणाला तर विषय तिथेच बंद करा, फौजेबद्दल आदर ठेवूनही हे करता येतं.

फोटो बघून निघायच्या आधी दोन गोष्टी मागा. एक, कागदावर आजची तारीख लिहून गिटारच्या शेजारी ठेवून काढलेला फोटो. दोन, प्रत्येक फ्रेटवर, म्हणजे नेकवर (गिटारच्या लांब मानेवर) ज्या धातूच्या आडव्या पट्ट्या असतात त्या प्रत्येकीवर, एक-एक सूर वाजवतानाचा व्हिडिओ. जाहिरातीतला फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघा, तोच फोटो दुसऱ्या शहरातल्या जाहिरातीत निघाला तर काही बोलायचीही गरज नाही.

ब्रँडच्या बाबतीत लोक जाम गोंधळतात. गिवसन ही कोलकात्याची कंपनी आहे, गिब्सन अमेरिकेची, नावात एका अक्षराचा फरक आणि किमतीत जमीन-अस्मानाचा. गिवसन वाईट आहे असं मी म्हणत नाही, कित्येकांनी त्यावरच सुरुवात केलीये, फक्त गिवसनचे पैसे गिवसनएवढेच द्या. इलेक्ट्रिकमध्ये स्क्वायरच्या (फेंडरचाच स्वस्तातला ब्रँड) हेडस्टॉकवरचं, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्या असतात त्या टोकावरचं, नाव घासून फेंडरचं स्टिकर लावलेलं असू शकतं. नकली गिब्सन लेस पॉलमध्ये (लेस पॉल हे गिब्सनचं प्रसिद्ध इलेक्ट्रिक मॉडेल) ट्रस रॉडच्या, म्हणजे नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या धातूच्या सळीच्या, झाकणाला बऱ्याचदा तीन स्क्रू असतात, खऱ्याला सहसा दोन. आणि सिरियल नंबर साइटवर जुळला म्हणून लगेच खुश होऊ नका, नकली बनवणारे खऱ्या गिटारचा नंबरच छापतात, त्यामुळे नंबर जुळला नाही तर नक्की नको, पण जुळला तरी बाकी सगळं बघायचंच. "अमेरिकेहून काकांनी आणलेली, पंचवीस हजारात देतो" अशी लेस पॉल असेल तर ओळखीतल्या जाणकार वाजवणाऱ्याला सोबत न्या.

हातात आल्यावर काय बघायचं ते जरा सविस्तर सांगतो कारण खरे पैसे इथेच वाचतात किंवा बुडतात. कंपासपेटीतली स्टीलची पट्टी घेऊन जा. बाराव्या फ्रेटवर सगळ्यात जाड तार फ्रेटच्या किती वर आहे ते मोजा, अकूस्टिकला अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर छान, चारला पोचली असेल तर नवशिक्याची बोटं सोलून निघतील. अ‍ॅक्शन, म्हणजे तारांची ही उंची, जास्त आहे एवढ्यावरून गिटार नाकारू नका, आधी ब्रिजवरची (बॉडीवर तारा अडकवतात त्या लाकडी तुकड्यावरची) ती पांढरी पट्टी, म्हणजे सॅडल, बघा. सॅडल चांगलं उंच असेल तर ते घासून अ‍ॅक्शन खाली आणता येते, पण सॅडल आधीच घासून घासून लाकडाला टेकलंय आणि तरीही तारा वर आहेत, तर नेकचा कोन बिघडलाय आणि ते काम स्वस्तातल्या गिटारवर परवडतच नाही, सोडून द्या. मग तीच जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि जिथे नेक बॉडीला मिळते त्या फ्रेटवर, दोन्हीकडे एकाच वेळी दाबून धरा आणि सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमधली फट बघा, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी हवी. फट खूप असेल तर ट्रस रॉडने सुटू शकतं, रॉड चालू आहे का ते विचारा, स्वतः जोर लावून फिरवू नका, गिटार अजून तुमची झालेली नाही.

ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून बघा, आत गेला तर ब्रिज उचकटायला लागलाय. स्टीलच्या सहा तारांचा मिळून सत्तर किलोच्या आसपास ताण असतो, तो सगळा त्या ब्रिजवर येतो, त्यामुळे ही फट आपोआप भरत नाही, वाढतच जाते. नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार असेल आणि तिला कोणी स्टीलच्या तारा लावल्या असतील तर हात जोडून परत या, तिची बॉडी त्या ताणासाठी बनलेलीच नसते. हेडस्टॉक आणि नेकच्या जोडावर टॉर्च मारा, चिकटवलेली तडा तिथेच सापडते. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक वाजवा, म्हणजे तार न दाबता फ्रेटच्या बरोबर वर बोट हलकंच टेकवून छेडा, आणि मग तीच तार तिथे दाबून वाजवा, मोबाइलच्या ट्यूनरवर दोन्ही सारखे यायला हवेत.

आपल्या हवेचाही विचार करा. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं नेकच्या कडेला बोटाला टोचतात, पावसाळ्यात लाकूड फुगून तारा थोड्या वर येतात, हे दोन्ही सेटअपमध्ये, म्हणजे जाणकाराकडून गिटार नीट जुळवून घेतली की, बऱ्यापैकी सुधारतं. पण मेमध्ये बंद गाडीत ठेवलेल्या गिटारचा गोंद सुटतो, ते सहज सुधारत नाही. इलेक्ट्रिक असेल तर स्वतःची केबल न्या आणि प्लग असलेल्या जागीच भेटा, प्रत्येक पिकअप (तारांखालचा, आवाज पकडणारा चुंबकी भाग) चालू करून आणि प्रत्येक नॉब फिरवून ऐका. नॉबची खरखर साध्या कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते, पण एखादा पिकअप मुकाच असेल तर भाव त्या हिशोबाने करा. पट्टे, ओरखडे, स्टिकरच्या खुणा याकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं.

विकणाऱ्यांनो, तुमच्यासाठी एकच वाक्य पाठ करून ठेवा: पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. क्यूआर पाठवून "स्कॅन करा, पैसे येतील" म्हणणारा तुमचे पैसे काढतोय. दुसरा प्रकार खोट्या स्क्रीनशॉटचा, किंवा चुकून दहा हजार पाठवले, वरचे पाच परत करा असा खोटा मेसेज. समोरच्याच्या मोबाइलवरचा हिरवा टिक बघू नका, स्वतःच्या बँकेचं अ‍ॅप उघडून बॅलन्स वाढला का तेवढं बघा, आणि तोपर्यंत गिटार बॅगेत तुमच्या खांद्यावर. भेटायला सिटी सेंटर मॉल किंवा कॉलेजरोडवरचं एखादं कॅफे बरं पडतं, दिवसा, मित्र किंवा घरचं कोणी सोबत. मुली एकट्या विकत असतील तर घरचा पत्ता चॅटवर देऊच नका.

एक साधा कागद करा, मॉडेल, सिरियल नंबर, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या, आणि मूळ बिल असेल तर त्याचा फोटो. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तशी शंका यायला कारण असूनही तो घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, त्यामुळे बिल नाही आणि भावही निम्म्याच्या खाली असेल तर जरा जास्त प्रश्न विचारा.

बाहेरगावच्या माणसाशीच व्यवहार करायचा असेल तर पुण्या-मुंबईतला एखादा मित्र त्याच्याकडे पाठवून बघून घ्या. पार्सल करताना तारा दोन-तीन सूर ढिल्या करा, हेडस्टॉकच्या खाली आणि बाजूने कपडे कोंबा म्हणजे नेक हलणार नाही, आणि खोका उघडतानाचा व्हिडिओ सलग काढा.

एवढं करूनही पैसे गेले तर लाजून बसू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, बँकेला कळवा, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार टाका, चॅट आणि यूपीआयचा ट्रान्झॅक्शन नंबर डिलीट करू नका, आणि शहरात राहत असाल तर सायबर पोलीस स्टेशनला स्वतः जाऊन या. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आधी तक्रार पोचली तर ते गोठवले जाऊ शकतात, म्हणून पहिला तास महत्त्वाचा. दोन हजारच गेले म्हणून तक्रार टाळू नका, त्याच खात्याने अजून कोणालातरी गिटार विकलेली असते आणि तुमची तक्रार त्याच्या तक्रारीला जोडली जाते.