घडीच्या चाकूच्या सांध्याला कोणतं तेल?

रावेर-यावलकडे केळीच्या बागेत वापरलेला घडीचा चाकू लवकर आखडतो. चीक आणि काळ्या मातीची धूळ खिळ्याभोवती बसते. मग आपण घरात हाताशी असेल ते तेल सोडतो, आणि तिथेच चुकतं.

शेंगदाण्याचं तेल हळूहळू चिकट होऊन पातं आणखी धरून ठेवतं. खोबरेल 24 अंशांच्या आसपास गोठतं, म्हणजे आपल्याकडच्या थंडीत भल्या सकाळी पातं उघडता उघडत नाही. ग्रीस धूळ पकडतं. शिलाई मशीनचं पातळ तेल उत्तम. मात्र त्याच चाकूने फळं कापून खात असाल तर मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आणा. मी तेच वापरतो. छोटी बाटली पुष्कळ दिवस पुरते.

1. सांधा कोमट साबणपाण्याने जुन्या टूथब्रशने घासा. वाळलेला चीक सुटत नसेल तर आधी थोडं तेल चोळून तासभर ठेवा. धुतल्यावर उन्हात पूर्ण वाळू द्या, आत पाणी राहिलं तर गंज धरतो.
2. आगकाडीच्या टोकाने खिळ्याशी दोन्ही बाजूंनी एकेक थेंब सोडा.
3. दहा-बारा वेळा उघडझाप करा. काळपट तेल बाहेर येईल, ते पुसा. तेल स्वच्छ येईपर्यंत हेच पुन्हा करा.

शेवटी वरचं सगळं तेल कोरड्या फडक्याने टिपून घ्या. फडकं नेहमी पात्याच्या पाठीकडून धरा; तेलकट पातं बोटातून सहज निसटतं.