मॅजिकची हिरवी कार्डं कशी लावायची: चित्र नको, काम बघा

मागच्या पावसाळ्यात एका मित्राने मॅजिक द गॅदरिंग हा कार्डांचा गेम खेळणं सोडलं आणि जाताना बुटाच्या खोक्यात कोंबलेला सगळा बल्क, म्हणजे किरकोळ कार्डांचा गठ्ठा, माझ्या गळ्यात मारला. मी पण हौसेने बसलो, म्हटलं निसर्गवाली कार्डं वेगळी काढू, एक हिरवा कमांडर डेक (कमांडर या प्रकारच्या खेळासाठी लावलेला कार्डांचा संच) होईल. चित्र बघून लावत गेलो आणि दोन तासांनी कळलं की सगळं चुकलंय. अर्थक्वेक मी जमीन हादरतेय म्हणून हिरव्या ढिगात टाकलं होतं, ते निघालं लाल. सुनामी म्हणजे पाणी, पाणी म्हणजे निळा, म्हणून बाजूला ठेवलं तर ते चक्क हिरवं! हरिकेन पण हिरवंच. म्हणजे नावावर आणि चित्रावर जायचंच नाही, वरच्या उजव्या कोपऱ्यात झाडाचं, म्हणजे हिरव्या रंगाचं, चिन्ह आहे का तेवढं बघायचं. १९९३ ला रिचर्ड गारफिल्डने गेम आणला तेव्हापासून पाच रंगांत निसर्ग, वाढ, जनावरं हे खातं हिरव्याकडे आहे, पण वीज आणि भूकंप लालने पळवलेत, त्याला इलाज नाही.

झाडासोबत दुसऱ्या रंगाचं चिन्ह असेल तर तो ढीग वेगळा, आत्ता हात लावू नका. लँड, म्हणजे माना (कार्डं खेळायला लागणारी शक्ती) देणारी जमिनीची कार्डं, पण बाजूला, कारण लँड हा स्पेल नसतो. बाकी तुम्ही माना भरून जे काही कास्ट करता, म्हणजे खेळता, ते सगळं स्पेल. क्रीचर, म्हणजे मैदानावर राहून लढणारं जनावर, ते पण! नवीन लोक इथेच अडकतात, त्यांना वाटतं स्पेल म्हणजे फक्त इन्स्टंट आणि सॉर्सरी, म्हणजे एकदा वापरून संपणारी कार्डं.

आता खरं काम. प्रत्येक कार्डाचा मजकूर वाचायचा आणि त्यातलं क्रियापद शोधायचं. शोधा, मारा, काढा, वाढवा, थांबवा, परत आणा. त्या क्रियापदाप्रमाणे ढीग.

पहिला आणि सगळ्यात मोठा ढीग रॅम्पचा, म्हणजे समोरच्यापेक्षा लवकर जास्त माना मिळवून देणारी कार्डं. लानोवार एल्व्ह्ज, बर्ड्स ऑफ पॅराडाइज ही एक मानाची क्रीचर्स इथेच येणार, त्यांना क्रीचरच्या ढिगात टाकू नका, एल्फचं १/१ (मारण्याची ताकद/सहनशक्ती) अंग घेऊन कोण लढायला जातंय? रॅम्पंट ग्रोथ, कल्टिव्हेट, कोडामाज रीच, फारसीक, नेचर्स लोअर पण इथेच. पण या ढिगाचे पोटढीग करावेच लागतात आणि ते मी स्वतः तोंडावर आपटून शिकलोय. रॅम्पंट ग्रोथ कुठलंही एक बेसिक (साधं) लँड आणतं, टॅप होऊन (आडवं, म्हणजे त्या टर्नला वापरता न येणारं) येतं. कल्टिव्हेट दोन बेसिक शोधतं, एक टॅप होऊन मैदानावर, एक हातात. नेचर्स लोअर फक्त फॉरेस्ट (हिरवा माना देणारं लँड) आणतं पण ते टॅप न होता येतं, म्हणजे त्याच टर्नला वापरता येतं. आणि फारसीक बरोबर उलटं, प्लेन्स, आयलंड, स्वॅम्प किंवा माउंटन (बाकीच्या चार रंगांची लँड) आणेल, फॉरेस्ट नाही! मी सगळं लँड आणणारं एकच समजून फारसीक निव्वळ हिरव्या डेकमध्ये घातलं, दुसऱ्या टर्नला ऐटीत खेळलो, आख्खी लायब्ररी (कार्डं काढायची गड्डी) चाळली आणि काही न घेता परत शफल केली. टेबलवरचे तिघं अजून आठवण काढतात. तर दोन-तीन रंगांचा डेक असेल तर फारसीक सोनं आहे, कारण त्यात बेसिक लिहिलेलंच नाही, नुसता लँडचा प्रकार लिहिलाय, त्यामुळे दोन प्रकार असलेली महागडी लँड पण उचलता येतात.

मग रिमूव्हल, म्हणजे समोरच्याची कार्डं उडवणारी. इथे हिरवा जरा वेगळा वागतो, काळ्यासारखं सरळ "क्रीचर मारा" असं फार कमी वेळा मिळतं, आपलं जनावर समोरच्याच्या अंगावर सोडायला लागतं. आणि त्यातही दोन जाती. प्रे अपॉन हे फाइट, म्हणजे दोघं एकमेकांना मारणार. रॅबिड बाइट मध्ये फक्त आपलं मारतं, समोरचं उलटून मारत नाही. ऐकायला फरक छोटा आहे पण बघा, माझ्याकडे ४/४, समोर ३/३, मी प्रे अपॉन टाकलं आणि समोरच्याने मधेच माझ्या ४/४ वर लाइटनिंग बोल्ट मारला. बोल्टचे ३ आणि फाइटचे ३, झाले सहा, माझं ४/४ पण गेलं. रॅबिड बाइट असतं तर एक माना जास्त गेला असता पण जनावर वाचलं असतं. म्हणून फाइट आणि बाइट मी वेगवेगळे ठेवतो. माझं जनावर फाइटच्या आधीच मेलं तर मात्र दोन्ही कार्डं वायाच.

आर्टिफॅक्ट (वस्तू), एन्चांटमेंट (टिकून राहणारी जादू) फोडणारी कार्डं रिमूव्हलमध्येच पण त्यांची चळत वेगळी. नॅचरलाइज इथे, आणि रेक्लमेशन सेज पण इथेच, कारण ते २/१ क्रीचर असलं तरी आपण त्याला फोडाफोडीसाठीच घेतो. बीस्ट विदिन मैदानावरचं काहीही उडवतं, पण त्याच्या मालकाला ३/३ बीस्ट देऊन, तेव्हा ते सगळ्यात वर ठेवा, सारखं लागतं. उडणाऱ्यांसाठी प्लमेट आणि हरिकेन. हरिकेन सगळ्या खेळाडूंना लागतं, तुम्हाला पण, हे विसरून स्वतःलाच मारून घेणारे मी पाहिलेत.

बाकीचे ढीग पटापट होतात. हार्मोनाइज सारखी तीन कार्डं देणारी ड्रॉमध्ये, म्हणजे जास्तीची कार्डं काढण्याच्या ढिगात. रीग्रोथ आणि इटर्नल विटनेस ग्रेव्हयार्डमधून (वापरलेल्या, मेलेल्या कार्डांच्या ढिगातून) परत आणण्यात. जायंट ग्रोथ हे +३/+३ देणारं आणि ओव्हररन हे आपल्या सगळ्याच क्रीचर्सना देणारं, दोन्ही वाढवणारी असली तरी एकत्र नको, एक लढाईत चकवायला आणि दुसरं गेम संपवायला. फॉग आणि हिरोइक इंटरव्हेन्शन बचावात.

मग दोन कामं करणारं कार्ड आलं की डोकं फिरतं. एक्सप्लोर घ्या, जास्तीचं लँड टाकायला देतं आणि एक कार्ड पण काढायला देतं. रॅम्प की ड्रॉ? मी असं विचारतो की हे डेकमधून काढलं तर खड्डा कुठे पडेल. हातात लँड नसेल तर एक्सप्लोरचा रॅम्प होतच नाही, कार्ड मात्र मिळतंच, म्हणून माझ्याकडे ते ड्रॉमध्ये. तुमचं मत वेगळं असू शकतं, फक्त एकदा ठरवलं की बदलू नका, नाहीतर मोजणी गंडते.

कारण हे सगळं मोजण्यासाठीच आहे. ढीग झाले की प्रत्येक ढीग मानाच्या किमतीप्रमाणे लावा, स्वस्त वर. शंभर कार्डांच्या कमांडर डेकमध्ये मी लँड सोडून दहाएक रॅम्प घेतो आणि त्यातली निम्मी तरी दोन माना किंवा कमीची. खोक्यातून पहिल्यांदा मोजलं तेव्हा रॅम्प भरपूर निघाला पण बहुतेक सगळा चार मानाचा. चौथ्या टर्नला रॅम्प करून काय डोंबल उपयोग.

सुनामी शेवटी कशातच बसलं नाही, ते सगळी आयलंड, म्हणजे निळ्याची लँड, उडवतं, बाकी काही नाही. ते "उरलेलं" लिहिलेल्या डब्यात आहे. आमच्यातला एक कायम निळाच खेळतो, त्याला ते मी एकदा लांबूनच दाखवलंय.