किलो, न्यूटन आणि मिली: मोजताना आणि रूपांतर करताना या चुका टाळा

विज्ञानाच्या पेपरात 'वजन = ६० किलो' लिहिलं की गुण जातात, आणि घरी येऊन तोच मुलगा काट्यावर उभा राहून ६० किलोच वाचतो. गोंधळ व्हायचाच. वस्तुमान म्हणजे अंगात द्रव्य किती, ते किलोग्रॅममध्ये. वजन म्हणजे पृथ्वी ओढते ते बल, न्यूटनमध्ये: ६० × ९.८ (पृथ्वीचं गुरुत्व त्वरण, मी/से² मध्ये) = ५८८ न्यूटन. चंद्रावर गुरुत्व त्वरण १.६२, म्हणून तिथे वजन ९७ न्यूटन; वस्तुमान ६० किलोच.

खरी मेख काट्यात आहे. वाण्याचा दोन पारड्यांचा तराजू चंद्रावरही बरोबर तोलेल, कारण मालाबरोबर मापही तितकंच हलकं होतं. ताणकाटा (स्प्रिंगचा काटा) किंवा डिजिटल काटा मात्र बल मोजतो आणि किलोत दाखवतो. तो तिथे जेमतेम १० किलो दाखवेल. (दुकानात न्यूटन मागू नका. बोलण्यात किलो चालतो, पेपरात नाही.)

स्वयंपाकघरात चूक होते ती मिली आणि ग्रॅम एकच समजून. २४० मिलीच्या कपात पाणी २४० ग्रॅम, साखर साधारण २००, मैदा मात्र १२०-१३० ग्रॅमच बसतो. काट्यावरचं 'मिली' बटण तर फसवंच: बहुतेक काटे पाण्याचीच घनता धरतात. तेलाची घनता सुमारे ०.९१. आकडा २०० मिलीवर येईपर्यंत तेल ओतलंत, तर भांड्यात जवळपास २२० मिली गेलेलं असतं.

एककांची अशीच गल्लत २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ ला भोवली. हवं होतं २२,३०० किलो इंधन, टाकीत होतं ७,६८२ लिटर. लिटरचे किलो काढायला इंधनाच्या घनतेने, ०.८०३ ने गुणायचं, तिथे १.७७ ने गुणलं. १.७७ हा लिटरमागे पौंडांचा आकडा होता. २०,००० लिटरच्या आसपास भरायचं, ते भरलं ४,९१७. दोन्ही इंजिनं हवेतच बंद पडली आणि विमान तरंगत कॅनडातल्याच गिमली गावच्या जुन्या धावपट्टीवर उतरवावं लागलं. गुणाकार बरोबर होता, १.७७ च्या पुढे 'पौंड प्रति लिटर' एवढंच लिहिलेलं असतं तर चूक कागदावरच दिसली असती. म्हणून प्रत्येक पायरीत एकक लिहा आणि वर-खाली सारखी आलेली एककं खोडत जा.

घन एककं वेगळी सांभाळा. १५० × १०० × ८० सेमीची टाकी म्हणजे १२,००,००० घन सेमी. घनमीटर काढायला १०० ने भागलंत तर १२,००० येतील, म्हणजे छोटा तलावच! भागायचं १०,००,००० ने: १.२ घनमीटर, १,२०० लिटर.

जुन्या पावतीवरचा तोळा ११.६६ ग्रॅमचा असू शकतो, आजचा सराफी तोळा १० चा. पाच तोळ्यांत आठ ग्रॅमांहून जास्त फरक पडतो.

काटाच वेडावाकडा आकडा दाखवत असेल तर आधी तो सपाट, कडक ओट्यावर ठेवा, पंखा बंद करा, भांडं भिंतीला टेकत नाही ना बघा. रिकामं भांडं ठेवून 'टेअर' (आकडा शून्यावर आणणारं बटण) दाबा. एकक 'औंस'वर गेलंय का, तेही तपासा. १०० ग्रॅमला ३.५ दिसत असेल तर तेच झालंय. मग १० मिलीच्या सिरिंजने दहा वेळा पाणी घाला. १०० ग्रॅमच्या एक-दोन ग्रॅम मागेपुढे चालेल. पाचच्या वर फरक गेला तर सेल बदला आणि पुन्हा मोजा. ताणकाट्याचा काटा रिकामा असतानाच १० ग्रॅमवर असेल, तर प्रत्येक मापातून १० वजा करा.