पोर्तुगीज साम्राज्याच्या अखेरीचा कालपट कसा आखावा

एका रेघेत हा इतिहास मावत नाही. अंगोला, गिनी-बिसाऊ, मोझांबिक या आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींना तीन वेगळ्या पट्ट्या द्या. तिथली स्वातंत्र्ययुद्धं अनुक्रमे १९६१, १९६३ आणि १९६४ मध्ये पेटली. २५ एप्रिल १९७४ची उभी रेघ तिन्ही पट्ट्यांतून न्या. त्या दिवशी लिस्बनमधली राजवट उलथवणारे लष्करी अधिकारी याच युद्धांना विटले होते.

हमखास चूक होते ती गिनी-बिसाऊपाशी. स्वातंत्र्याची घोषणा २४ सप्टेंबर १९७३ला झाली, पोर्तुगालची मान्यता १० सप्टेंबर १९७४ला आली. दोन्ही खुणा कराच, नाहीतर तिथल्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते आमिल्कार काब्राल यांच्या पक्षाने लढून मिळवलेलं श्रेय लिस्बनच्या खात्यात जमा होतं.

मोझांबिक २५ जून १९७५ला स्वतंत्र झालं, अंगोला ११ नोव्हेंबर १९७५ला. अंगोलाची पट्टी मात्र २००२पर्यंत वाढवा. यादवी तोवर चालली.