चिरलेल्या पट्टीचा क्रॉस वाकवताना मुळाशी तडा जात असेल तर

लोहारकामात हा क्रॉस असा बनतो: २५×६ मिमी माइल्ड स्टीलच्या (कमी कार्बनच्या मऊ पोलादाच्या) पट्टीला वरून दोन उभ्या चिरा, कडेच्या फांद्या बाहेर वळवल्या की आडवे हात, मधली उभी. माझ्याकडे हात काटकोनात येण्याआधीच चिरेच्या तळाशी तडा दिसायचा. जास्त तापवलं, हलके घाव घातले, पट्टी बदलली. काही उपयोग नाही. तयार होत आलेला नग टाकून देताना फार जीव जळायचा.

दोष चिरेच्या टोकात होता. करवतीचा चौकोनी कोपरा सगळा ताण एका जागी ओढतो.

आता आधी प्रत्येक चीर जिथे संपणार तिथे पंचने खूण करून ड्रिलने ३ मिमीचं आरपार भोक पाडतो, मग वरून भोकापर्यंत करवत चालवतो. गोल कानशीने भोकाच्या कडा दोन्ही बाजूंनी गुळगुळीत करायच्या. हे टाळू नका, उरलेला बारीक ओरखडाही फाटतो. लोखंड पिवळसर नारिंगी तापवून छिन्नीने फांद्या जराशा फाकवा. पुन्हा तापवा, एक हात ४५ अंशांपर्यंत, मग दुसरा. परत ताव देऊन दोन्ही काटकोनात. रंग काळपट लाल झाला की हातोडा थांबवायचाच. पाण्यात न बुडवता हवेतच निवू द्या. खालचा दांडा ठोकून अरुंद करणं सगळ्यात शेवटी.